ग्राहक आयोगात पहिल्यांदाच जाताना : पावतीपासून वसुलीपर्यंत

दर शनिवारी सकाळी मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते. समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "ताई, फसवलंय हो आम्हाला." माझा पहिला प्रश्नही ठरलेला, "पावती आहे का?" निम्मी प्रकरणं तिथेच अडखळतात. फसवणूक खरी असते, माणूस खरं बोलत असतो, पण हातात कागद नसतो.

आपल्याकडचा कायदा चांगला आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. वकील न लावता, घराजवळच्या आयोगात, मराठीत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तरीही हा कायदा आपणहून कुणाच्या दारी येत नाही. त्याला चालवत न्यावं लागतं आणि तो चालतो तो कागदावर. पहिल्या पावतीपासून शेवटचा पैसा खात्यात जमा होईपर्यंत काय काय करायचं, ते मी इथे सांगते. मधे मधे माझ्या स्वतःच्या फ्रिजची गोष्ट येईल, कारण ही वाट मीही पहिल्यांदा एक अडलेली ग्राहक म्हणूनच चालले.

आपण 'ग्राहक' आहोत का?

पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर आपण ग्राहक. पैसे पूर्ण दिले, अर्धे दिले किंवा हप्त्याने द्यायचे ठरले, तरी फरक पडत नाही. घेणाऱ्याच्या परवानगीने वापरणाराही ग्राहकच. मामाने भाचीला दिलेला मिक्सर बिघडला तर भाचीही तक्रार करू शकते.

अडचण येते ती 'व्यापारी हेतू' या शब्दांपाशी. पुन्हा विकायला किंवा नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं शिलाई मशीन, रिक्षा, पिठाची गिरणी बसते. तक्रारीत हे स्पष्ट लिहायचं: 'सदर मशीन मी स्वयंरोजगारासाठी, माझ्या उपजीविकेकरिता घेतले आहे.' हे एक वाक्य राहिलं म्हणून समोरच्या वकिलाने पहिल्याच मुद्द्यावर तक्रार उडवायचा प्रयत्न केलेला मी पाहिलाय.

खासगी दवाखाने १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्याखाली आहेत. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात असे दवाखाने मात्र त्यात येत नाहीत. आणि वकिलाविरुद्ध इथे दाद मागता येत नाही. तसा निकाल मे २०२४ मध्ये लागला.

शेतकऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं: बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे. बियाणे कंपन्या हे वर्षानुवर्षं नाकारत होत्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला आणि एक फार मोलाची गोष्ट सांगितली. शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, प्रयोगशाळेत पाठवायला तो नमुना राखून ठेवेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. तरीही माझं सांगणं असं की मूठभर बियाणं, रिकामी पिशवी आणि तिच्यावरचा टॅग जपून ठेवा. पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून तक्रार निवारण समितीकडून शेतात पंचनामा करून घ्या. पंचनाम्याच्या वेळी कंपनीच्या माणसाला बोलावणं गेलं होतं, हे कागदावर आलं पाहिजे. रान मोडून दुबार पेरणी केली की पुरावा मातीत गेला. पोटाची घाई मला कळते, पण पंचनाम्याआधी कुळव घालू नका.

पहिल्या दिवसापासून कागद

बिल मागा. बिल न देणं ही आता कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून माघारी फिरू नका. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हेही त्याच व्याख्येत येतं. आवडलं नाही म्हणून परत करणं वेगळं. माल सदोष असेल तर पाटीचा आधार दुकानदाराला मिळत नाही.

शक्य तिथे पैसे रोख देऊ नका. यूपीआय किंवा चेकने दिले की पुरावा आपोआप तयार होतो. त्याचा दुसरा फायदा अगदी शेवटी, वसुलीच्या वेळी होतो. तो तिथेच सांगेन.

मी मार्च २०२२ मध्ये एकतीस हजार पाचशे रुपयांचा फ्रिज घेतला. मे महिन्यात तो गार होईना. कंपनीचा मेकॅनिक आला, गॅस भरला, मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा." मी सांगितला. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा ओटीपी. नंतर आयोगात कंपनीने लेखी जबाब दिला की दोन्ही वेळा तक्रार ग्राहकाच्या समाधानानुसार बंद झाली. माझाच ओटीपी माझ्याविरुद्ध पुरावा झाला होता. मला वाचवलं तिसऱ्या भेटीच्या जॉबशीटने, म्हणजे मेकॅनिकने केलेल्या कामाची नोंद असलेल्या कागदाने. त्यावर मी सहीच्या वर माझ्या हाताने लिहिलं होतं, 'बिघाड कायम, कॉम्प्रेसर बदलण्यास सांगितले.' तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते. काम पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका, सही करायचीच असेल तर वर खरी स्थिती लिहा आणि जॉबशीटचा फोटो तिथेच काढा.

फोनवरच्या बोलण्याला फारसं वजन नसतं. बोलणं झाल्यावर लगेच ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा: 'आज सकाळी अकरा वाजता आपल्याशी बोलणं झालं, आपण आठ दिवसांत बदलून देण्याचं कबूल केलं.' समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी त्या दिवशी काय ठरलं याची नोंद राहते. मोबाइल बदलताना हे संदेश जाऊ देऊ नका. पुढे त्यांच्या छापील प्रती जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं. नमुना कोणत्याही नोटरीकडे मिळतो.

दवाखान्याचं प्रकरण असेल तर केसपेपरसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात. डॉक्टरच्या निष्काळजीपणाचा आरोप मात्र दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरच्या मताशिवाय सहसा टिकत नाही. इतका राग, इतकं दुःख असताना हे ऐकणं जड जातं, पण ते मत मिळवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

आयोगाआधीचे दरवाजे

प्रत्येक भांडण आयोगापर्यंत न्यायची गरज नसते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावा आणि मराठीत बोला. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन विक्रेते इथे बऱ्याचदा नमतात. मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, जपून ठेवा, तोही पुढे पुरावाच. ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा मापात मारलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे जा. बँकेच्या तक्रारीत आधी बँकेला लेखी द्या आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. विम्यासाठी विमा लोकपाल आहे, तो पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतो. मात्र तीच तक्रार आयोगात चालू असेल तर तो ती घेत नाही, तेव्हा आधी एक दार निवडा. बिल्डरच्या बाबतीत महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आणि ग्राहक आयोग हे दोन्ही मार्ग खुले आहेत. हॉटेलने बिलात आपोआप 'सर्व्हिस चार्ज' लावला तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बंद केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. हेच प्राधिकरण फसव्या जाहिरातींवर दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. पण तो दंड सरकारजमा होतो. आपलं वैयक्तिक नुकसान भरून हवं असेल तर वाट आयोगाचीच.

एकट्याने जमेल की नाही अशी धास्ती असेल तर जवळची ग्राहक संघटना शोधा. या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदा होण्याच्या दहा-वीस वर्षं आधी ही माणसं भेसळ आणि मापातल्या फसवणुकीविरुद्ध उभी होती, हे मला फार मोठं वाटतं.

नोटीस

कायद्यात नोटीस सक्तीची नाही, पण पाठवाच. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही, साध्या कागदावर स्वतःच्या नावाने लिहा. शिव्या, धमक्या, 'तुम्हाला बघून घेईन' यातलं काहीही नको. हा कागद उद्या आयोगाच्या सदस्यांच्या हातात जाणार आहे. माझी नोटीस साधारण अशी होती:

'आपल्या दुकानातून दि. … मार्च २०२२ रोजी पावती क्र. … अन्वये रु. ३१,५०० देऊन मी … मॉडेलचा फ्रिज घेतला. वॉरंटी कालावधीत दि. …, … आणि … रोजी तो नादुरुस्त झाला. तीन वेळा दुरुस्ती करूनही दोष दूर झालेला नाही. सोबत जॉबशीटच्या प्रती जोडल्या आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत फ्रिज बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा आयोगात दाद मागण्यात येईल आणि त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.'

ती दुकानदार, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही पाठवा. आपली जुनी 'रजिस्टर एडी' आता स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा आणि पोहोचल्याचा ऑनलाइन तपशील त्याच आठवड्यात छापून घ्या.

कुठे, किती, कधीपर्यंत

आयोग तीन पातळ्यांवर आहेत. आपण मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पन्नास लाख ते दोन कोटी असेल तर राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. पाहायची ती मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. विम्याचा दावा कितीही मोठा असो, भरलेला हप्ता धरायचा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकष योग्य ठरवला. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे, पन्नास लाखांपर्यंत हजार.

नव्या कायद्याने दिलेली सगळ्यात मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करू शकता. कंपनी गुरुग्रामची असली तरी साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यातच दाखल करायची. पूर्वी या एका कारणाने कितीतरी लोक गप्प बसत.

मुदत दोन वर्षांची, वादाचं कारण घडल्यापासून. विम्याचा दावा नाकारल्याचं पत्र आलं, तर त्या पत्राची तारीख धरा. इथे लोक हमखास फसतात. कंपनी 'आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे' असं लिहीत राहते, आपण स्मरणपत्रं पाठवत राहतो आणि दोन वर्षं उलटतात. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज आणि त्याची पटण्याजोगी कारणं जोडावी लागतात. तो मंजूर होणं आपल्या हातात नसतं.

तक्रार लिहिताना

वर आयोगाचं नाव, मग तक्रारदाराचं नाव-पत्ता, 'विरुद्ध', मग ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते. त्यांना कुठे सामनेवाले म्हणतात, कुठे विरुद्ध पक्ष, कुठे जाबदेणार, तर मराठवाड्यात गैरअर्जदार. गोंधळू नका, सगळ्याचा अर्थ एकच. मथळा: 'ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ अन्वये तक्रार.'

पुढे क्रमांक घालून छोटे परिच्छेद लिहा. एका परिच्छेदात एकच घटना, तारखेसह, आणि शेवटी कंसात 'दस्त क्र. ३' असा आधार. कधी घेतलं, किती दिले, काय बिघडलं, कुणाला कळवलं, काय उत्तर आलं. मग 'सामनेवाले यांनी सदोष माल देऊन व तो बदलून न देऊन सेवेत त्रुटी केली आहे व अनुचित व्यापारी प्रथेचा अवलंब केला आहे' हे वाक्य. हे शब्द नेमके आले पाहिजेत, कारण आयोग याच दोन प्रश्नांची उत्तरं शोधतो. त्यानंतर तक्रार मुदतीत आणि या आयोगाच्या अधिकारक्षेत्रात कशी आहे, आणि याच कारणासाठी दुसरीकडे दावा चालू नाही, हे लिहा.

शेवटी 'विनंती'. रक्कम परत, अमुक तारखेपासून व्याज, मानसिक व शारीरिक त्रासापोटी अमुक, तक्रारीच्या खर्चापोटी अमुक. जे मागितलं नाही ते मिळेल असं धरू नका. पण एकतीस हजारांच्या फ्रिजसाठी पाच लाखांची भरपाईही मागू नका. एका शिक्षकांनी रागाच्या भरात तशी मागणी केली होती. समोरच्या वकिलाचा निम्मा युक्तिवाद 'हा माणूस पैसे उकळायला आला आहे' एवढ्यावरच चालला आणि खरा दोष बाजूला राहिला.

तक्रारीला शपथपत्र, दस्तांची यादी आणि ओळखपत्राची प्रत जोडा. प्रत्येक पानाला क्रमांक आणि सही. आयोगासाठी आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी वेगळा संच करा, मूळ कागद मात्र स्वतःजवळ ठेवा. सामनेवाल्यांचे पत्ते दोनदा तपासा. नोटीस 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली की दोन-तीन महिने वाया जातात.

आता ऑनलाइन दाखल करायचं ते ई-जागृती या पोर्टलवर. २०२५ च्या सुरुवातीला ते सुरू झालं. त्याआधी ई-दाखिल होतं. मोबाइल आणि ईमेलने नाव नोंदवायचं, कागद पीडीएफ करून चढवायचे, शुल्क असेल तर भरायचं. कार्यालयाने काही उणिवा काढल्या तर त्या पोर्टलवर दिसतात, दर दोन दिवसांनी उघडून पाहा. तरीही पहिल्या वेळी जिल्हा आयोगाच्या कार्यालयात एक चक्कर मारा असं मी सुचवेन. तिथे छापील संच लागतात का, किती लागतात, ते खिडकीवरच्या माणसाला विचारलं की पाच मिनिटांत उलगडा होतो.

तारखा

आधी दाखलपूर्व सुनावणी होते. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं आणि आपलं म्हणणं न ऐकता ती फेटाळता येत नाही. मग नोटीस निघते. समोरच्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांपलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं. तेव्हा नोटीस त्यांना कधी मिळाली ती तारीख टिपून ठेवा आणि ४५ व्या दिवसानंतर जबाब आला तर उठून नम्रपणे सांगा, "जबाब मुदतबाह्य आहे, स्वीकारू नये." वकील नसलेल्या माणसाला हे सुचत नाही आणि समोरचे नेमका त्याचाच फायदा घेतात.

दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग मध्यस्थीकडे पाठवतो. पैसे लगेच मिळत असतील तर थोडं कमी घेऊन मिटवण्यात कमीपणा नाही. पण रक्कम आणि तारीख तडजोडपत्रात लिहून घ्या. 'लवकरच देऊ' याला अर्थ नाही.

मिटलं नाही तर आपलं पुराव्याचं शपथपत्र, त्यांचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद, निकाल. कायदा म्हणतो हे तीन महिन्यांत व्हावं, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं धरून चाला. अध्यक्ष-सदस्यांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत, हे त्याचं मोठं कारण. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून याची दखल घ्यावी लागली होती. एवढा चांगला कायदा करायचा आणि तो चालवायला खुर्चीवर माणूस नेमायचा नाही, याचा मला अजूनही संताप येतो. एका म्हातारबाबांना सलग तीन तारखांना 'कोरम नाही', म्हणजे सुनावणीला लागणारे पुरेसे सदस्य नाहीत, म्हणून परत जाताना मी पाहिलंय. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सगळं त्यांचंच.

तरीही तारीख चुकवू नका. तक्रारदार गैरहजर म्हणून तक्रार काढून टाकली गेली तर जिल्हा आयोगाला स्वतःचा तो आदेश मागे घेता येत नाही, राज्य आयोगात अपील करावं लागतं. येणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी अर्ज द्या किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्याची परवानगी मागा. कायद्यात ती सोय आहे. गेल्यावर बोर्डावर आपला नंबर पाहा आणि निघताना पुढची तारीख व ती कशासाठी आहे, हे वहीत लिहा.

बोलताना घाबरायचं नाही. माझ्या पहिल्या तारखेला माझे हात थरथरत होते. सदस्य बाईंनी शांतपणे विचारलं, "काय झालं ते तारखेप्रमाणे सांगा." मी सांगितलं. एवढंच करायचं असतं.

निकाल हातात आला, पैसे नाही

माझा निकाल जानेवारी २०२४ मध्ये आला, 'तक्रार अंशतः मंजूर'. अंशतः या शब्दाने खट्टू होऊ नका. मागितलेलं सगळं दिलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. फ्रिजची रक्कम व्याजासह आणि त्रास व खर्चापोटी आठ हजार, ४५ दिवसांत द्यावेत, असा आदेश होता. आदेशाची एक प्रत विनामूल्य मिळते. मी पेढे वाटले आणि वाट पाहत बसले. पुढे काहीच झालं नाही.

आदेश झाला म्हणजे पैसे आले, असं समजून बसलेली माणसं माझ्याकडे अजूनही येतात. कुणी तर वर्षभराने येतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

समोरच्याला अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी राज्य आयोगात भरावी लागते. ते अपिलात गेले तर ही रक्कम तिथे पडून राहते. अपील फेटाळलं गेलं की ती काढून घेण्यासाठी आपल्याला अर्ज करावा लागतो, आपोआप येत नाही. ते गेलेच नाहीत आणि मुदतही संपली, तर आदेशाची प्रत जोडून 'आठ दिवसांत पूर्तता करा' असं एक पत्र पाठवा आणि त्यानंतर त्याच जिल्हा आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, दाखल करा.

दरखास्तीचे दोन मार्ग आहेत. कलम ७१ खाली आयोगाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, म्हणजे बँक खातं, वाहन, दुकानातला माल यांवर जप्ती आणता येते. पण कशावर जप्ती आणायची ते आपल्याला सांगावं लागतं. इथे तो सुरुवातीचा यूपीआयचा व्यवहार किंवा चेकची नोंद कामाला येते. पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात गेले, ते आपल्या बँकेकडून काढून घ्या. बिलावरचा जीएसटी क्रमांक, दुकानाचं नोंदणीकृत नाव, दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या गाडीचा नंबर, सगळं टिपून ठेवा.

दुसरा मार्ग कलम ७२ चा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हे फौजदारी स्वरूपाचं काम आहे, आरोपीला समक्ष यावं लागतं, आला नाही तर वॉरंट निघू शकतं. छोट्या रकमांसाठी माझ्या अनुभवात याच कलमाचा धाक जास्त चालतो. कंपनीचा कायदा विभाग जप्तीच्या अर्जाला महिनोन्‌महिने उत्तर देत बसतो, पण व्यवस्थापकाच्या नावाने समन्स गेलं की फोन यायला लागतात. कलम ७२ खाली अर्ज करताना कंपनीबरोबर तिचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीचं पद आणि नावही लागतं, नाहीतर समन्स कुणावर बजावायचं हा प्रश्न उभा राहतो.

कुणाचा आदेश २००३ ते २०२० मधला असून वसुली अडकली असेल, तर त्यांनी तो पुन्हा बाहेर काढावा. जुन्या कायद्यातल्या एका दुरुस्तीच्या शब्दरचनेमुळे त्या काळातले अंतिम आदेश बजावताना अडचण येत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ती दूर केली. आदेशाची प्रत घेऊन आयोगाच्या कार्यालयात चौकशी करा.

माझ्या दरखास्तीच्या दुसऱ्या तारखेला दुकानदार स्वतः आला. आयोगाच्या व्हरांड्यात पूर्ण रकमेचा चेक हातात ठेवून म्हणाला, "ताई, झालं गेलं विसरा. आता पैसे मिळाल्याची पुरसीस द्या, म्हणजे आजच प्रकरण बंद होईल." पुरसीस म्हणजे आयोगाला दिलेलं लेखी निवेदन. ती दिली की दरखास्त निकाली निघते आणि पुन्हा सगळं उभं करणं कठीण होतं. मी चेक घेतला, त्याची प्रत दरखास्तीत जोडली आणि रोजनाम्यात (आयोगाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) 'चेक वटण्यासाठी पुढील तारीख द्यावी' अशी नोंद करून घेतली. चेक परत आला, खात्यात पैसे नव्हते. पुढच्या तारखेला तो डिमांड ड्राफ्ट घेऊन आला. तो मी बँकेत भरला, पासबुकात नोंद पडल्यावर त्या पानाची प्रत काढली आणि ती पुरसीशीला जोडून सही केली.